खड्डा पडण्याआधीचा रुपया

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात रस्त्यांचा पैसा मुख्यतः दोन लेखाशीर्षांखाली येतो. ३०५४ म्हणजे मार्ग व पूल यांवरचा महसुली खर्च. देखभाल-दुरुस्ती यात बसते. ५०५४ म्हणजे भांडवली खर्च. नवा रस्ता, रुंदीकरण, नवा पूल ही कामे यातून होतात. बांधकाम खात्यातला कनिष्ठ अभियंता असो की जिल्हा परिषदेचा सदस्य, हे दोन आकडे त्याला तोंडपाठ असतात. भूमिपूजन होते ते ५०५४ मधल्या कामाचे. ३०५४ मधून गटार मोकळे होते, मोरीतला गाळ निघतो, साइडपट्टी दुरुस्त होते, डांबरावर वेळेत सिलकोट पडतो. ही कामे गावाच्या नजरेत भरत नाहीत. तिजोरीवर ताण आला की पगार आणि निवृत्तिवेतनाला हात लावता येत नाही, सुरू झालेला मोठा प्रकल्प थांबवता येत नाही. कात्री लागते ती देखभालीला. त्या वर्षी काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. पुढच्या वर्षीही फारसे दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात तोच रस्ता मुळापासून करावा लागतो, आणि त्याचा पैसा ५०५४ मधून येतो. म्हणजे देखभालीत वाचवलेली रक्कम भांडवली खर्चात कितीतरी पटींनी फिरून येते, पण दोन्ही नोंदी वेगवेगळ्या पानांवर राहतात, आणि त्यांची बेरीज कोणी मांडत नाही.

ती बेरीज मांडायची कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे. रस्त्याच्या देखभालीला अर्थशास्त्र लावणे म्हणजे काटकसर करणे अशी एक समजूत आहे. या शास्त्राचे सांगणे बहुतेक वेळा उलट असते: आज इथे जास्त खर्च करा, आणि तोही रस्ता चांगला दिसत असताना.

विषय जुना आहे, तो रस्त्यावरच जन्मला. ज्यूल्स द्युपुई हा फ्रान्सच्या सरकारी रस्ते-पूल सेवेतला अभियंता. सार्वजनिक कामांची उपयुक्तता मोजण्यावरचा त्याचा १८४४ चा निबंध अर्थशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लाभ आणि खर्च यांच्या तुलनेची आजची सारी पद्धत त्या निबंधाचे ऋण मानते. पण त्याआधी, १८३७ मध्ये, गाडी ओढायला किती जोर लागतो यावरचे आपले प्रयोग त्याने प्रसिद्ध केले होते, आणि १८४२ मध्ये रस्त्यांच्या देखभालीच्या खर्चावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. देखभालीचा खर्च आणि वाहतुकीचा खर्च ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत, ही दृष्टी त्याच्या कामात आहे. रस्ता खराब राहिला की घोड्याला जास्त ओढावे लागते, फेरीला वेळ लागतो, गाडी लवकर झिजते. हा खर्च सरकारच्या वहीत नसला तरी देशाच्या वहीत असतोच. पावणेदोनशे वर्षांनंतर घोड्याच्या जागी डिझेल आले. हिशेब तोच राहिला.

हिशेबाकडे वळण्याआधी रस्ता कसा मरतो ते जवळून पाहिले पाहिजे, कारण सगळे आकडे तिथून निघतात. डांबरी रस्त्याचा शत्रू पाणी. उन्हाने आणि हवेने डांबर वर्षागणिक कडक होते, त्याची लवचीकता जाते आणि केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी खाली खडीच्या थरात उतरते. वरून जड चाक गेले की आत अडकलेले पाणी दाबाने हलते आणि खडीमधली बारीक माती सोबत घेऊन वर येते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या भेगांभोवती पिवळसर किंवा काळपट चिखलाचे ओघळ दिसतात, ते या गोष्टीचे चिन्ह. खालून आधार गेला की वरचा पापुद्रा बसतो, भेगांची जाळी होते, एक तुकडा निघतो आणि खड्डा होतो. म्हणजे खड्डा ही आजाराची शेवटची अवस्था आहे. आजार दोन-तीन वर्षे आधी, बहुधा कडेला, सुरू झालेला असतो.

कडेला म्हणण्याचे कारण साइडपट्टी. धूळ, माती आणि गवत साचत साचत साइडपट्टी डांबराच्या पातळीच्या वर येते. मग पावसाचे पाणी गटाराकडे न जाता डांबराच्या कडेला पट्ट्यासारखे उभे राहते. तिथली कडा भिजते, समोरून ट्रक आला म्हणून एसटी खाली उतरते, कडा तुटते. पूर्वी प्रत्येक रस्त्यावर ठरावीक लांबीचा तुकडा सांभाळणारा मैलकुली असे. पहिला जोराचा पाऊस पडला की तो फावडे घेऊन निघे आणि जिथे पाणी थांबले असेल तिथे साइडपट्टीला आडवा छेद देऊन ते गटारात सोडी. पाच मिनिटांचे काम, पण त्या छेदाने वाचवलेल्या डांबराची किंमत त्याच्या वर्षभराच्या मजुरीपेक्षा जास्त निघू शकते. काळ्या मातीच्या मुलखात, म्हणजे मराठवाड्यात आणि विदर्भाच्या मोठ्या भागात, हे अधिकच खरे आहे. ती माती ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. निचरा नसेल तर वरचा रस्ता कितीही जाड असो, त्याला लाटा येतात. आज बहुतेक रस्त्यांवर मैलकुली दिसत नाही. त्याच्या जागी निविदा आली, आणि निविदेत पहिल्या पावसाला धावून जाणारा माणूस बसवता येत नाही. देखभालीच्या अर्थशास्त्रातला सगळ्यात फायदेशीर खर्च कोणता, असे मला कोणी विचारले तर मी अजूनही या माणसाकडे बोट दाखवीन.

आता आकडे. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेने, सॅनरलने, मांडलेला हिशेब जगभर उद्धृत होतो: वेळेवरची दुरुस्ती तीन वर्षे लांबवली तर खर्च सहापट होतो, पाच वर्षे लांबवली तर अठरापट. यावर अर्थखात्याचा एक रास्त प्रश्न असतो. आजचा रुपया आणि तीन वर्षांनंतरचा रुपया सारखा नसतो. आज वाचवलेला पैसा दुसरीकडे कामाला लागतो, मग लांबणीवर टाकण्यात फायदा नाही का? म्हणूनच पुढचा खर्च वटावून आजच्या किमतीत आणायचा. आपल्याकडे प्रकल्प तपासताना बहुधा वर्षाला १२ टक्के दर धरला जातो. त्या दराने तीन वर्षांनंतरचे १०० रुपये आजचे सुमारे ७१ रुपये होतात. काम तेवढ्याच पैशात होणार असते तर लांबणीवर टाकून २९ रुपये खरोखर वाचले असते. पण ते १०० चे ६०० झाले असतील तर आजच्या किमतीत ते ४२७ होतात. पाच वर्षे थांबलो तर १,८०० रुपये, म्हणजे आजचे हजाराच्या वर. १२ टक्के हा चढा दर आहे, तो उशिराच्या बाजूने झुकलेला आहे, तरीही उशीर हरतो. सहा किंवा अठरा हे आकडे प्रत्येक रस्त्याला लागू पडणार नाहीत. तीनपट धरले तरी निकाल बदलत नाही.

जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांतल्या रस्त्यांचा आढावा घेतला. शहरांबाहेरच्या पक्क्या रस्त्यांपैकी एक चतुर्थांश आणि कच्च्या रस्त्यांपैकी एक तृतीयांश नव्याने बांधण्याच्या अवस्थेला पोचले होते. ते पुन्हा उभे करण्याचा खर्च ४० ते ४५ अब्ज डॉलर. वेळीच देखभाल झाली असती तर १२ अब्जांहून कमी लागले असते. जे रस्ते बांधायला या देशांनी कर्जे काढली, ते कर्ज फिटण्याआधी मोडले.

आणि हा हिशेब अजून फक्त सरकारी खर्चाचा आहे. खरी मोठी रक्कम रस्ता वापरणाऱ्याच्या खिशातून जाते. समजा, दहा किलोमीटरचा एक रस्ता आहे, त्यावरून दिवसाला दोन हजार वाहने जातात, आणि रस्ता खडबडीत झाल्यामुळे प्रत्येक वाहनाला किलोमीटरमागे फक्त एक रुपया जास्त खर्च येतो. दिवसाला वीस हजार, वर्षाला ७३ लाख रुपये. हे पैसे कोणत्याही खात्याच्या ताळेबंदात दिसत नाहीत. ते गॅरेजमध्ये पाटे आणि टायर बदलताना जातात, नारायणगावच्या बाजारात पोचेपर्यंत दबलेल्या टोमॅटोच्या पडत्या भावात जातात, दुचाकीवरून रोज कारखान्यात जाणाऱ्याच्या पाठीत जातात.

किलोमीटरमागे एक रुपया हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला, पण तो खरोखर मोजता येतो, आणि मोजण्याच्या कामात भारताचा वाटा मोठा आहे. १९७० च्या दशकापासून केनिया, कॅरिबियन बेटे, ब्राझील आणि भारत अशा चार ठिकाणी रस्त्याची अवस्था आणि वाहनाचा खर्च यांचे नाते शोधणारे मोठे अभ्यास झाले. भारतातला अभ्यास केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९८२ मध्ये पूर्ण केला. आपल्या अरुंद रस्त्यांवर, मिश्र वाहतुकीत इंधन, टायर, सुटे भाग आणि वेग यांवर काय परिणाम होतो, हे तेव्हा प्रथम एवढ्या तपशिलात कळले. त्याच वर्षी ब्राझीलिया शहरात निरनिराळ्या देशांची खडबडीतपणा मोजणारी यंत्रे एकाच रस्त्यांवर चालवून त्यांची मापे जुळवली गेली, आणि त्यातून खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक निघाला. नव्या गुळगुळीत रस्त्यावर हा निर्देशांक दोनच्या आसपास असतो, मोडलेल्या डांबरी रस्त्यावर आठ-दहापर्यंत चढतो. या सगळ्या सामग्रीवर उभे असलेले एचडीएम हे प्रारूप १९८७ मध्ये तिसऱ्या आणि २००० मध्ये चौथ्या रूपात आले. रस्त्याची आजची अवस्था, वाहतूक, पाऊस आणि दर त्यात घातले की निरनिराळ्या देखभाल-पद्धतींखाली पुढच्या वीस वर्षांत काय होईल ते ते सांगते. आपल्याकडे त्याचा वापर बहुतांशी परदेशी कर्जाच्या प्रकल्पांच्या अहवालांपुरता राहिला. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यापर्यंत ते पोचायला हवे होते.

रस्ता कोण झिजवतो, हा प्रश्नही इथेच येतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सैनिकांनी रात्रंदिवस भरलेले ट्रक फिरवले. चाकांच्या जोड्यांचे सुमारे ११ लाख भार त्या रस्त्यांवरून गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची हानी ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सोळापट. एक टनाच्या ॲक्सलपेक्षा दहा टनांचा ॲक्सल दहा हजारपट हानी करतो. मोटारींनी रस्ते खराब होत नाहीत म्हटले तरी चालेल. ते ट्रकनी आणि पावसाने खराब होतात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार चाकांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. भार वाढला तेरा टक्क्यांच्या आत, पण चौथा घात केला तर त्या ॲक्सलने होणारी हानी सुमारे ६२ टक्क्यांनी वाढते. मालवाहतूक स्वस्त झाली, हा लाभ खरा आहे. पण ज्या रस्त्यांची जाडी जुन्या मर्यादेवर बेतली होती त्यांच्या देखभालीची तरतूदही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे, हे त्या निर्णयाचेच दुसरे पान होते. न्यूझीलंडने १९७८ पासून जड वाहनांना वजन आणि अंतर यांच्या हिशेबाने शुल्क लावले आहे. जो जितकी झीज करतो तो तितके देतो. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगामात उसाने भरलेल्या ट्रक-ट्रॉल्या ज्या ग्रामीण रस्त्यांवरून कारखान्याकडे जातात, त्या रस्त्यांचा विचार याच नियमाने व्हायला हवा. कारखाना, वाहतूकदार आणि जिल्हा परिषद यांनी त्या ठरावीक रस्त्यांची झीज वाटून घेणे हे कोणावर उपकार नाहीत, तो उत्पादनखर्चाचाच भाग आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. पैसा अपुरा असताना कोणता रस्ता आधी? लोकांचे उत्तर असते: जो सगळ्यात खराब आहे तो. सभागृहात, ग्रामसभेत, वर्तमानपत्रात हेच उत्तर येते, आणि ते न्यायाचेही वाटते. अर्थशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. जो रस्ता पूर्ण मोडला आहे तो आणखी दोन वर्षे थांबला तरी त्याचा दुरुस्तीखर्च फारसा वाढत नाही. तो व्हायचा तेवढा झालाच आहे. जो रस्ता आज बरा आहे पण ज्यावर भेगा दिसू लागल्या आहेत, तो यंदा हुकला तर स्वस्त दुरुस्तीची वेळ कायमची जाते. पावसाळ्याआधी घर शाकारतात ते गळू लागण्याची वाट न पाहता, हे शहाणपण घराघरात आहे; रस्त्यांच्या बाबतीत आपण ते सोडून दिले. सगळ्यात वाईट रस्ता आधी हा नियम वर्षानुवर्षे पाळला, तर सगळा पैसा मोडलेल्यांमागे जातो, तोवर बरे असलेले मोडतात, आणि खराब रस्त्यांची यादी कधीच कमी होत नाही. चांगल्या रस्त्यांना आधी राखून उरलेला पैसा मोडलेल्यांना दिला, तर पहिली काही वर्षे लोकांचा रोष सोसावा लागतो आणि त्यानंतर यादी आखडू लागते. हे लोकप्रतिनिधीने लोकांना समजावून सांगायचे काम आहे, आणि ते सांगता येईल असा माझा विश्वास आहे, जर हिशेब उघडा ठेवला तर.

याउलट जे होते ते आपण दरवर्षी पाहतो. कोकणातल्या महामार्गावर गणपतीआधी खड्डे बुजवण्याची घाई होते. ऑगस्टच्या पावसात ओल्या खडीला डांबर धरत नाही, म्हणून मग मुरूम, पेव्हर ब्लॉक, जे हाताशी येईल ते. वाहतूक चालू ठेवायला ते करावेच लागते, त्यात काम करणाऱ्यांचा दोष नाही. पण देखभालीचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि निधी हाती येतो तो अनेकदा वर्ष संपता संपता, मार्चमध्ये. पैसा त्याच वर्षात, तेवढाच, पण ऑक्टोबरमध्ये मिळाला तर त्याची किंमत वेगळी असते.

या पद्धतीच्या मर्यादा लपवून मी तिची शिफारस करणार नाही. लाभ मोजताना वाहनांची संख्या आणि लोकांच्या वेळेची किंमत धरली जाते, आणि वेळेची किंमत उत्पन्नावरून काढली जाते. मग पुण्याच्या आयटी कंपनीतल्या माणसाचा तास आणि अक्कलकुव्याच्या शेतमजूर बाईचा तास यांत मोठे अंतर पडते. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गावे तुटतात. त्या रस्त्यावर दिवसाला मोजकी वाहने असतात आणि प्रारूप तिथला लाभ नगण्य दाखवते. तिथे बाळंतपणाला अडलेली बाई वेळेत दवाखान्यात पोचणे हा लाभ कोणत्या रकान्यात लिहायचा? माझे मत स्पष्ट आहे. गावाला बारमाही पोच असणे हा लाभ-खर्चाच्या कसोटीवर टाकण्याचा विषय नाही. तो आधी हक्क म्हणून मान्य करायचा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. हक्क मान्य केल्यावर अर्थशास्त्राला दुसरा प्रश्न विचारायचा: ही पोच सर्वांत कमी खर्चात, सर्वांत जास्त वर्षे कशी टिकेल? तेव्हा ते फार उपयोगाचे उत्तर देते. वीस किलोमीटर डांबरीकरणाऐवजी ज्या चार-पाच जागी रस्ता तुटतो तिथेच मोऱ्या, फरशी, मुरूम आणि निचरा. आणि रोजची देखभाल गावातल्याच लोकांकडे. पेरूने १९९५ नंतर आपल्या डोंगरी भागात गावकऱ्यांच्या छोट्या संस्थांना रस्त्याची देखभाल महिन्याच्या ठरावीक मोबदल्यावर दिली. आपल्या मैलकुलीचेच ते सहकारी रूप आहे. हिमाचल आणि उत्तराखंडात महिला बचत गटांनीही हे काम केले आहे.

माणसाच्या जिवाची किंमत हाही असाच प्रश्न. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे मेली, हा आकडा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. हिशेबात जीव धरायचा तर त्याला रुपयांत काहीतरी आकडा द्यावा लागतो, आणि ते क्रूर वाटते. पण आकडा न देणे म्हणजे व्यवहारात शून्य धरणे. शून्यापेक्षा कोणताही आकडा बरा.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, कारण आपल्या देशात त्याचा पाया घालणाऱ्यांत आपली माणसे आहेत. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्ते विकास समितीने सांगितले की रस्त्यांचा भार आता एकट्या स्थानिक संस्थांना पेलणारा नाही, आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर लावावा. त्यातून १९२९ मध्ये रस्त्यांचा मध्यवर्ती निधी उभा राहिला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस सुरू झाली. वापरणाऱ्याने रस्त्यासाठी द्यावे हा विचार तेव्हाच आला होता. १९४३ च्या नागपूर परिषदेपासून मात्र आपल्या योजनांचे उद्दिष्ट लांबीत मांडले जाऊ लागले: शंभर चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर, मग १९६१ च्या मुंबई योजनेत ३२, मग लखनौ योजनेत ८२. रस्ते कमी होते तेव्हा ते योग्यच होते. आज महाराष्ट्रातच तीन लाख किलोमीटरहून अधिक रस्ते आहेत आणि आपण अजूनही वाढलेले किलोमीटर सांगतो, टिकलेले सांगत नाही. डॉ. विजय केळकर अध्यक्ष असलेल्या तेराव्या वित्त आयोगाने राज्यांना रस्ते व पुलांच्या देखभालीसाठी चार वर्षांकरता १९,९३० कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. त्याची अट महत्त्वाची होती: हा पैसा राज्याच्या नेहमीच्या देखभाल-खर्चावर वाढीव असावा, त्याच्या जागी नसावा. देखभालीला कात्री कुठे लागते हे ओळखून घातलेली ती अट होती. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने २००० पासून बांधकामाच्या करारातच पाच वर्षांची देखभाल बांधून घेतली, हेही त्याच दिशेचे पाऊल. पाच वर्षांनंतर तो रस्ता कोणाच्या तरतुदीवर जगणार, हे मात्र प्रत्येक जिल्ह्यात विचारावे लागते.

काँक्रीट की डांबर या वादावर पुस्तकात एक लहान प्रकरण आहे. काँक्रीटला सुरुवातीला खर्च जास्त, पुढे देखभाल कमी. निर्णय वटावाच्या दरावर आणि खालच्या जमिनीवर ठरतो. शहरात मात्र आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते: पाणी, वीज आणि केबलसाठी चर खोदणाऱ्याकडून, चर बुजवण्याच्या खर्चासोबत रस्त्याचे जे आयुष्य कमी झाले त्याचीही भरपाई घ्यायची की नाही. ती घेतली नाही तर काँक्रीटचा सगळा हिशेब चुकतो.

पुस्तक अभियंत्यांइतकेच सरपंच, नगरसेवक, जिल्हा परिषदेचे सदस्य आणि लेखाविभागातल्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. बेरीज, गुणाकार आणि चक्रवाढ व्याज यापलीकडचे गणित मुख्य प्रकरणांत नाही. त्याहून अवघड भाग परिशिष्टात ठेवला आहे. कोष्टकांतले दर नमुन्यादाखल आहेत. वाचकाने आपल्या जिल्ह्याची चालू दरसूची समोर घ्यावी, ओळखीचा एखादा पाच-सात किलोमीटरचा रस्ता निवडावा, तो एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैत पायी चालून पाहावा, दिवसभराची वाहने मोजावीत, आणि मग तिसऱ्या प्रकरणातला तक्ता स्वतःच्या आकड्यांनी भरावा. चालताना पाणी कुठे थांबते तेवढे आधी टिपून ठेवावे. तक्त्याचा पहिला रकाना त्याचाच आहे.